३७ टक्क्यांवर अडलेलं क्लोन: महालातल्या एका छापखान्याच्या हार्ड डिस्कचं प्रकरण

नागपूरला महालात, केळीबाग रोडच्या आतल्या गल्लीत एक छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची गुणपत्रकं, असं बारमाही काम. छपाईची यंत्रं दोन आहेत, पण जुळवणी होते ती एकाच कॉम्प्युटरवर. त्यावर विंडोज ७, पानं जुळवायचं पेजमेकर ७, श्रीलिपीचे मराठी फॉन्ट आणि वर्षानुवर्षांच्या फायली. मालकांना सगळी गल्ली काकाजी म्हणते. जुळवणी एक ताई करतात, आणि कोणत्या गिऱ्हाइकाची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

तक्रार साधी होती. पेजमेकर उघडायला फार वेळ लागायचा, कधी मधेच सगळं गोठायचं. कोणीतरी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, टाकायला सांगितलं, आणि तो सल्ला बरोबरच होता. जुनी डिस्क ५०० जीबीची, फिरत्या तबकड्यांची. नवीन एसएसडी ४८० जीबीची आणली. यूएसबीच्या डबीत घालून मशीनला जोडली, चालू विंडोजमध्येच क्लोनचं सॉफ्टवेअर लावलं आणि जुनीची हुबेहूब नक्कल करायला घेतली. ती ३७ टक्क्यांवर अडली.

‘तिथपर्यंत बरोबर जाते भाऊ, मग जी अडकते ती अडकूनच राहते,’ ताई म्हणाल्या. ‘डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक असं काहीतरी लिहून येते.’

काकाजींची काळजी वेगळी. ‘मे महिना आहे, लग्नाचा सीझन. मशीन बंद ठेवून नाही जमत जी.’

नवीन कॉम्प्युटर घ्या आणि सगळं कोरं टाका, हा सल्ला अशा ठिकाणी लागू पडत नाही. पेजमेकर ७ ही २००१ सालची आवृत्ती, त्यापुढची निघालीच नाही. छापखान्यात तिची सीडी आता सापडत नाही. मराठी फॉन्ट युनिकोडपूर्व काळातले, त्यामुळे जुन्या फायली त्याच फॉन्टमध्ये, त्याच मांडणीत उघडल्या तरच मजकूर नीट दिसतो. एखाद्या पतसंस्थेचा दहा वर्षांपूर्वीचा अहवाल काढून फक्त आकडे बदलायचे, हा या धंद्याचा रोजचा व्यवहार. म्हणून इथे क्लोनच हवं होतं, आणि ते सुखरूप हवं होतं.

आधी काय काय झालं होतं

दुरुस्तीला मला बोलावलं. मशीनला हात लावण्यापूर्वी मी ताईंना सगळा क्रम विचारून घेतला. पहिल्यांदा ३७ टक्क्यांवर एरर. मग सॉफ्टवेअरमधला ‘खराब सेक्टर सोडून द्या’ हा पर्याय निवडला (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा). त्याने काम पुढे सरकलं, पण साठीच्या पुढे गेल्यावर जुनी डिस्कच दिसेनाशी झाली आणि मशीन रीस्टार्ट करावं लागलं. त्यानंतर कोणीतरी फोनवर सांगितलं म्हणून चेकडिस्क, हे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, ‘आर’ पर्यायासह लावलं. ते चौथ्या टप्प्यात, फायलींचा डेटा तपासताना, तासन्‌तास एकाच आकड्यावर थांबलं. शेवटी बटण दाबून मशीन बंद केलं.

यातलं चेकडिस्क मला सगळ्यात जास्त खटकलं. क्लोन अडलं की ‘आधी चेकडिस्क मारून घ्या’ असं जिकडेतिकडे सांगितलं जातं. डिस्क निरोगी असेल आणि फक्त फाइल सिस्टम, म्हणजे फायलींची नोंद, बिघडली असेल, तर ते ठीक. पण डिस्कची तबकडीच खराब होत असेल, तर ‘आर’ पर्याय शेवटचे दिवस मोजणाऱ्या डिस्कचा एकेक कोपरा वाचायला लावतो आणि वर तिच्याचवर लिहीत बसतो. खराब जागेतली फाइल दुरुस्त करताना तो हाताशी आलेला तुकडा जुळवतो आणि उरलेला सोडून देतो. मग ती मूळ अवस्था परत मिळत नाही. दुरुस्ती नकलेवर करावी, मूळ डिस्कवर नाही. या प्रकरणात पुढे जे केलं ते सगळं याच एका गोष्टीला धरून केलं.

टक्क्यांबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अशी सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा फक्त वापरलेली जागा कॉपी करतात, रिकामी सोडतात. म्हणून ३७ टक्के म्हणजे वापरलेल्या डेटाचे ३७ टक्के. डिस्कवर ती जागा नेमकी कुठे आहे, हे त्यावरून कळत नाही.

संशयित तीन

क्लोनची एरर आली की दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो: जिथून वाचतो ती डिस्क, जिथे लिहितो ती डिस्क, किंवा मधली वाट. वाटेत केबल, यूएसबीची डबी, वीजपुरवठा आणि बोर्डवरचं पोर्ट येतात. सायक्लिक रिडन्डन्सी चेकचा संदेश विंडोजच्या एरर क्रमांक २३ चा. त्याचा अर्थ इतकाच, की वाचलेला डेटा पडताळणीत टिकला नाही. दोष कोणाचा, हे तो सांगत नाही. ते डिस्कच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे स्मार्टच्या आकड्यांत सापडतं.

हे आकडे दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने जुनी डिस्क पिवळ्या, म्हणजे सावधगिरीच्या, रंगात दाखवली. पण रंगावर न थांबता ओळी वाचायच्या. या कामात चार ओळी महत्त्वाच्या: ०५, म्हणजे खराब ठरून बदली दिलेले सेक्टर, सी५, म्हणजे वाचता न आल्यामुळे ‘प्रलंबित’ ठेवलेले, सी६, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या चाचणीतही न सुधारलेले, आणि सी७, म्हणजे केबलवरून जाताना डेटा बिघडला त्या वेळा. दशमान पद्धतीत हेच क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९. हे सॉफ्टवेअर मूळ आकडे सोळाच्या पायात दाखवतं, हे विसरलं की फसगत होते. इथे सी५ समोर ‘बी८’ होतं, म्हणजे १८४ सेक्टर प्रलंबित. सी७ देखील शून्य नव्हता.

म्हणजे दोन संशयित एकाच वेळी समोर. सी७ चा आकडा एकदा वाढला की कमी होत नाही. तो आयुष्यभराची बेरीज असतो. म्हणून तो किती आहे यापेक्षा तो अजून वाढतो आहे का, हे बघायचं. आकडा टिपून घेतला, साटाची, म्हणजे डिस्क बोर्डला जोडणारी, केबल नवीन लावली, बोर्डवरचं पोर्ट बदललं आणि पुन्हा थोडं वाचन करून पाहिलं. सी७ जागचा हलला नाही. सी५ मात्र तसाच वर होता. केबल कधीकाळी सैल असणार, पण आजचा गुन्हेगार तबकडी होती.

प्रलंबित सेक्टर म्हणजे काय, तेही सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर उभी आहे. डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. घरगुती डिस्क यात अनेक सेकंद घालवते. तोवर विंडोज वाट बघतं, पेजमेकर वाट बघतं आणि पडद्यासमोर ताई वाट बघतात. डिस्क फारच वेळ गप्प राहिली तर सिस्टम तिला रीसेट करते. क्लोन चालू असताना डिस्क ‘दिसेनाशी’ झाली होती ती अशी. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, की मगच डिस्क ठरवते: जागा ठीक असेल तर प्रलंबित यादीतून काढते, नसेल तर राखीव सेक्टर बदली देते आणि ०५ चा आकडा वाढतो. म्हणजे मूळ डिस्कवर लिहिणं म्हणजे त्या सेक्टरमध्ये जे काही उरलं असेल त्यावर पाणी सोडणं.

डिस्कमधून टकटक असा लयीत आवाज येत असता, तर मी तिथेच थांबलो असतो आणि डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे पाठवलं असतं. हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, निकामी झालेली डिस्क चालू ठेवली तर तबकडी खरवडली जाते. इथे आवाज सरळ होता, फिरणं नियमित होतं.

४८० मध्ये ५०० बसत नाही

दुसरी अडचण तबकडीची नव्हती, मापाची होती. ५०० जीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. ४८० जीबीच्या एसएसडीवर ९३,७७,०३,०८८. फरक सुमारे २० जीबीचा. विंडोज यांनाच ४६५ आणि ४४७ जीबी म्हणून दाखवतं. डेटा अर्धाच भरलेला असला, तरी सेक्टरला सेक्टर जोडून केलेली नक्कल लहान डिस्कवर मावत नाही. लहान डिस्कवर न्यायचं तर आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखून दिलेला भाग, आखडावं लागतं, आणि पार्टिशन आखडणं म्हणजे डिस्कवर लिहिणं. आजारी डिस्कवर ते करायचं नाही, हे तर ठरलेलंच.

म्हणून मधे एक मुक्काम घेतला. काकाजींना १ टीबीची नवीन हार्ड डिस्क आणायला सांगितली. ‘अजून एक?’ असं त्यांनी विचारलं, आणि विचारणं साहजिक होतं. पण पहिली नक्कल नेहमी मूळ डिस्कएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या जागेवर घ्यावी. शिवाय ती डिस्क नंतर बॅकअपसाठी कामाला येणार होती. त्यांनी सीताबर्डीवरून संध्याकाळपर्यंत मागवून घेतली.

रात्रीची कॉपी

चालू विंडोजमधून हे काम करायचं नाही. विंडोज स्वतःच त्या डिस्कवर सतत काहीतरी लिहीत असतं. सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू केलं. ते डिस्क जोडली की आपणहून उघडत नाही, आपण सांगू तेवढंच करतं. दोन्ही डिस्क थेट साटाला जोडल्या. यूएसबीची डबी टाळण्याचं कारण वीज आणि केबलपुरतं नाही. अशा काही डब्या ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे असल्यासारखे दाखवतात. तिथे केलेली नक्कल नंतर थेट साटाला लावली की पार्टिशन टेबलच, म्हणजे भागांची यादीच, ओळखू येत नाही, आणि सगळी कॉपी वाया गेल्यासारखं वाटतं.

कॉपीसाठी ग्नू डीडीरेस्क्यू वापरलं. भिजलेलं बिलबुक हातात आलं तर काकाजी आधी सुटी, कोरडी पानं अलगद काढून घेतील आणि चिकटलेली शेवटी ठेवतील. डीडीरेस्क्यू नेमकं तेच करतं. पहिल्या फेरीत ते मोठमोठे तुकडे वाचत सुटतं, आणि अडलं की ती जागा सोडून पुढे उडी मारतं. सहज मिळणारा सगळा डेटा हातात आला, की मग मागे येऊन खराब पट्ट्यांच्या कडा कापतं, मग आतले सेक्टर एकेक करून खरवडतं, आणि आपण सांगितलं असेल तर उरलेल्यांवर पुन्हा प्रयत्न करतं. डिस्क रात्रीतून मेलीच, तरी बहुतेक डेटा तोवर बाहेर आलेला असतो. साधं क्लोन सॉफ्टवेअर पहिल्याच खड्ड्यात डोकं आपटत बसतं आणि डिस्कचं उरलेलं आयुष्य तिथेच संपवतं.

त्याची जमेची बाजू म्हणजे मॅपफाइल. कुठून कुठपर्यंत काय झालं, याची ती नोंद. मिळालेल्या जागेपुढे अधिकचं चिन्ह, खराब सेक्टरपुढे उणे, अजून हात न लावलेल्या जागेपुढे प्रश्नचिन्ह. पेनड्राइव्हवरचं लिनक्स मेमरीत चालतं, मशीन बंद झालं की त्यातलं सगळं पुसलं जातं. म्हणून मॅपफाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली.

पहिली फेरी खरवडण्याविना, नुसती पळवत. मे महिन्यातलं नागपूर, दिवसा ४५ अंशांच्या वर पारा. बंद कॅबिनेटमध्ये डिस्कचं तापमान पन्नाशी ओलांडत होतं. कॅबिनेट उघडं ठेवलं, टेबलफॅन थेट डिस्कवर लावला आणि काम रात्री सुरू केलं. कूलर मात्र दुसऱ्या तोंडाला वळवला. ओली हवा उघड्या बोर्डवर नको.

निरोगी पट्ट्यात वेग सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास होता. त्या वेगाने ५०० जीबी दीड-दोन तासांत होतात. मग खराब पट्टा आला आणि आकडा केबीवर घसरला. तिथे उडी मारून पुढे गेल्यावर पुन्हा वेग आला. पडद्यावरची ही चढउतार बघून दोष एकाच भागात गोळा झालेला आहे, हे दिसत होतं. ही चांगली खूण. खराब जागा सगळ्या डिस्कभर विखुरलेल्या असत्या, तर आशा कमी होती.

खरवडण्याचा टप्पा चालू असतानाच लाईन गेली. इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांवर होता, मशीनचा यूपीएस जुना. त्याने काही मिनिटंही साथ दिली नाही. लाईन आल्यावर पेनड्राइव्हवरून पुन्हा सुरू केलं. आधीचीच कमांड पुन्हा द्यायची, मॅपफाइल बघून डीडीरेस्क्यू थांबल्या जागेपासून पुढे जातं, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण त्याआधी एक तपासणी लागते.

लिनक्समध्ये डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं मिळतात ती सापडण्याच्या क्रमाने. तो क्रम प्रत्येक वेळी तोच येईल, याची खात्री नसते. यादी काढून मॉडेल, आकार आणि सीरियल नंबर डिस्कच्या स्टिकरशी ताडून पाहिले, तर नावं उलटी झालेली होती. आधी एसडीए असलेली जुनी डिस्क आता एसडीबी होती. आधीची कमांड वरचा बाण दाबून तशीच चालवली असती, तर मूळ डिस्कवरच्या अजून न वाचलेल्या जागांवर १ टीबीवरची कोरी जागा लिहिली गेली असती, आणि त्यावर काही उपाय नव्हता. म्हणून अशा कामात एसडीए-एसडीबी लिहूच नये. सीरियल नंबर ज्यात असतो ते, ‘बाय-आयडी’ फोल्डरमधलं लांबलचक नाव लिहावं. टाइप करायला त्रास होतो, पण ते नाव कधी दुसऱ्या डिस्कला चिकटत नाही.

सकाळी आकडा स्थिर झाला. उरलेल्या जागांवर थेट वाचनाचा पर्याय लावून तीन फेऱ्यांची मुभा दिली, उलट्या दिशेनेही वाचून पाहिलं. १८४ प्रलंबित सेक्टरपैकी बरेच वाचले गेले. शेवटी ६२ सेक्टर उरले, म्हणजे ३१,७४४ बाइट. ५०० जीबीत ३१ केबी.

त्या ३१ केबीत काय होतं

बरेच जण इथे थांबतात. ९९.९९ टक्के मिळालं, काम झालं. पण हरवलेले सेक्टर कोणत्या फायलीत आहेत हे कळल्याशिवाय मी मशीन ताब्यात देत नाही. रिकाम्या जागेत असतील तर काहीच गेलं नाही. गिऱ्हाइकाच्या हिशेबाच्या फायलीत असतील तर सहा महिन्यांनी छपाईच्या वेळी कळेल. न वाचलेल्या जागी डीडीरेस्क्यू काहीच लिहीत नाही; लक्ष्य डिस्कवर आधी जे असेल तेच राहतं. वापरलेली डिस्क घेतली तर तिथे कोणाचातरी जुना डेटा मधे घुसून बसतो.

डीडीरेस्क्यूमध्येच त्याची सोय आहे. भरणीचा पर्याय देऊन, मॅपफाइलमध्ये उणे असलेल्या जागांवर, नकलेमध्ये, एक ठरावीक ओळ भरून टाकता येते. सहसा कोणत्याही फायलीत नसेल अशी. मग नक्कल फक्त वाचण्यापुरती उघडायची आणि सगळ्या फायलींत ती ओळ शोधायची. जिथे सापडेल ती फाइल खराब.

दोनच फायली निघाल्या. बाकीचे सेक्टर रिकाम्या जागेत होते. एक होती २०१६ सालच्या एका पतसंस्थेच्या अहवालाची पेजमेकरची फाइल. तिची पीडीएफ ताईंनी तेव्हा गिऱ्हाइकाला मेल केली होती, ती मेलमध्ये सापडली. दुसरी फाइल होती विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधल्या एका मराठी फॉन्टची.

हे बघितल्यावर मूळ तक्रारीचा उलगडा झाला. पेजमेकर सुरू होताना फॉन्टची यादी तयार करतं, त्यात या फॉन्टचा नंबर आला की डिस्क त्या खराब सेक्टरवर अडायची, पुन्हा पुन्हा वाचायची, आणि पेजमेकर उघडायला दहा-दहा मिनिटं लागायची. ताई म्हणायच्या, इंटरनेट ब्राउझर लवकर उघडतो, पेजमेकरच उशीर लावतो. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. मशीन म्हातारं झालंय म्हणून ते उडवून लावलं गेलं होतं.

तो फॉन्ट त्यांच्या श्रीलिपीच्या सीडीवर होता. तेवढा नव्याने टाकला.

नकलेवरची दुरुस्ती आणि एसएसडी

आता जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी एकटी १ टीबी लावली. विंडोज ७ सुरू झालं. चेकडिस्क इथे लावलं, सी वर आणि डी वर, निर्धास्तपणे. बिघडलंच तर मूळ डिस्क आणि मॅपफाइल होतीच. त्याने काही नोंदी सावरल्या, मोठं काही निघालं नाही. सिस्टम फायलींची तपासणीही पार पडली. त्या दिवशी छापखाना १ टीबीवरच चालला. पत्रिकांची कामं अडली नाहीत, आणि नक्कल खरोखर वापरण्याजोगी आहे याची परीक्षाही झाली.

छापखाना बंद झाल्यावर पार्टिशन आखडण्याचं काम केलं. डिस्कवर सुरुवातीला विंडोजचं १०० एमबीचं राखीव पार्टिशन, मग सी, शेवटी डी. डी शेवटी असल्यामुळे काम सोपं झालं. त्याचीच शेपटी आखडायची, बाकी कोणाला हलवायचं नाही. विंडोजचं स्वतःचं आखडणं अनेकदा न हलणाऱ्या फायलींपाशी अडतं, म्हणून जीपार्टेड या लिनक्सवरच्या साधनातून केलं. एसएसडीच्या शेवटच्या सेक्टरच्या बरंच आत डी संपेल, इतकं. मग पहिल्या सेक्टरपासून एसएसडीच्या आकाराइतकं सलग कॉपी केलं. पार्टिशन टेबल जुन्या एमबीआर पद्धतीचं होतं, म्हणून एवढं पुरलं. नव्या जीपीटी पद्धतीचं असतं तर टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. ती कापली गेली असती आणि नव्याने बांधावी लागली असती. पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे बरोबर १ एमबीवरून सुरू होतं की नाही, तेही पाहून घेतलं. एक्सपीच्या काळातल्या डिस्कवर ते ६३ व्या सेक्टरपासून असायचं, आणि तशी नक्कल एसएसडीवर संथ चालते.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, साटा जुन्या आयडीई पद्धतीवर होता. तो थेट नव्या एएचसीआय पद्धतीवर नेला तर विंडोज ७ निळ्या पडद्यावर ०एक्स००००००७बी दाखवून थांबतं, कारण एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला उचलायला सांगितलेलं नसतं. आधी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदीत, ‘एमएसएएचसीआय’च्या ‘स्टार्ट’ची किंमत ० केली, मग बायोस बदललं. एकट्या एसएसडीवर मशीन उठलं. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी छोटी किल्ली, ओळखला गेला, पेजमेकर काही सेकंदांत उघडलं. ताईंनी एक जुनी लग्नपत्रिका उघडून जोडाक्षरं नीट आहेत का ते आधी पाहिलं, वेग नंतर.

‘ऑनलाइन’ केल्यावर

प्रकरण इथे संपायला हवं होतं. दोन दिवसांनी फोन आला. मशीन सुरू होत नाही, काळ्या पडद्यावर ०एक्ससी००००००ई ही एरर.

झालं होतं असं. १ टीबी डिस्क कपाटात ठेवली होती. एका गिऱ्हाइकाला आदल्या आठवड्यातली फाइल होती तशी हवी होती, म्हणून ताईंनी ती डिस्क मशीनला जोडली. बायोसने बूटसाठी, म्हणजे मशीन सुरू करायला, तीच आधी उचलली. विंडोज आलं ते १ टीबीवरून, दिसायला तेच, आणि एसएसडी ‘ऑफलाइन’ दिसली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यावर ‘ऑनलाइन’ असा पर्याय होता, तो त्यांनी निवडला. पर्याय समोर असेल तर कोणीही तेच करेल. काम झाल्यावर १ टीबी काढली, आणि मग एसएसडी उठेना.

एमबीआर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, ४४० व्या बाइटपासून चार बाइटची एक सही असते. हुबेहूब नकलेत तीही हुबेहूब येते. दोन डिस्कची सही एकच निघाली, की विंडोज ज्यावरून उठलं ती चालू ठेवतं आणि दुसरी ऑफलाइन करतं. दुसरी ऑनलाइन केली की विंडोज तिला नवीन सही देतं. विंडोजच्या बूट नोंदीत डिस्कची ओळख याच सहीवर असते, सी-डी ही अक्षरंही तिच्यावरच बांधलेली असतात. सही बदलली की बूट नोंद शोधते ती डिस्क तिला सापडतच नाही. डेटा सगळा जागेवर, फक्त पत्ता चुकलेला.

बूट नोंद नव्याने बांधूनही हे सुटतं, पण मग अक्षरांचा घोळ मागे राहू शकतो. मी पहिल्याच दिवशी पार्टिशन टेबलची माहिती कागदावर उतरवून घेतली होती, त्यात डिस्कची ओळख म्हणून तीच सही होती. विंडोज ७ च्या डीव्हीडीवरून दुरुस्तीची खिडकी उघडली, फक्त एसएसडी जोडलेली ठेवली, डिस्कपार्ट या विंडोजच्या साधनात ‘युनिकआयडी’ने जुनी सही परत लिहिली. पुढच्या वेळी मशीन सरळ उठलं, अक्षरंही जिथल्या तिथे.

मग १ टीबीवरची राखीव आणि सी ही दोन्ही पार्टिशनं काढून टाकली, डी ठेवलं, आणि तिला वेगळी सही दिली. आता ती जोडली तरी तिच्यावरून मशीन उठणार नाही आणि एसएसडीशी भांडणारही नाही. दर शनिवारी ताई त्यावर डी ची प्रत घेतात. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून त्या मशीनचं इंटरनेट काढलं. मेलसाठी काकाजींनी मुलाचा जुना लॅपटॉप आणून ठेवला. जुन्या ५०० जीबीवर ‘खराब, लिहू नये’ अशी चिठ्ठी लावून ती त्यांच्या कपाटात दिली. जून सरेपर्यंत ती पुसायची नाही, असं ठरलं. सीझनमधल्या एखाद्या फायलीची आठवण तोवर कोणाला ना कोणाला होतेच.